पेन्सिल, सेलोटेप आणि स्वस्तातला प्रोसेसर

ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही 'हा कॉम्प्युटरवाला आहे' असं कळलं की एक प्रश्न हमखास येतो. "अरे, मुलाला गेमिंगसाठी पीसी असेंबल करून द्यायचाय. साठ हजारांच्या वर जायचं नाही. काय काय घेऊ?" आता मी पोटासाठी करतो काय, तर एका बँकेचं जावातलं जुनंपुराणं सॉफ्टवेअर सांभाळतो. त्याचा आणि ग्राफिक्स कार्डाचा काडीचा संबंध नाही. पण विषय आवडीचा असल्यामुळे मी लगेच बाह्या सरसावतो :)

अडचण अशी की पार्ट्सची यादी भाजीसारखी असते. आज दिलेली यादी दिवाळीपर्यंत शिळी होते. म्हणून हल्ली मी यादीच्या आधी एक प्रश्न विचारायला सांगतो. ही वस्तू स्वस्त आहे, ती का स्वस्त आहे? कंपनीने त्यातून नेमकं काय कापलंय, आणि तुझ्या गेमला ते कापलेलं लागतं का? या प्रश्नाला पस्तीसेक वर्षांचा इतिहास आहे आणि तो भलताच मजेदार आहे. म्हणून आजचा शनिवार त्याच्या नावाने.

सुरुवात करू १९९१ पासून. इंटेलचा ४८६ डीएक्स हा त्या काळचा भारी प्रोसेसर. त्यात एफपीयू, म्हणजे दशांश अपूर्णांकांची गणितं करणारा भाग, चिपच्या आतच होता. तो महाग पडतो म्हणणाऱ्यांसाठी इंटेलने ४८६ एसएक्स काढला. सुरुवातीच्या एसएक्समध्ये एफपीयू जागेवर होताच, फक्त बंद करून ठेवलेला. पुढे कोणाला अपूर्णांकांची गणितं करायची असतील, तर त्याने ४८७ एसएक्स नावाची जोडचिप घ्यायची. आणि ही जोडचिप काय होती? तर एक जादा पिन असलेला अख्खा ४८६ डीएक्स! बोर्डावर बसवली की ती जुन्या प्रोसेसरला गप्प करायची आणि सगळं काम स्वतःच करायची. म्हणजे गिऱ्हाईक दोन प्रोसेसरचे पैसे देऊन एक वापरायचं. मार्केटिंगवाल्यांना आपण उगाच नावं ठेवतो, डोकं असतं हो त्यांना.

पण आता गंमत बघा. १० डिसेंबर १९९३ ला डूम आला. डूमचं जवळजवळ सगळं गणित पूर्णांकांवर चालायचं. अपूर्णांकाची गरज पडली तर त्यालाही पूर्णांकाचा वेष चढवून काम भागवलेलं होतं. एफपीयूचं तिथे काही कामच नव्हतं. त्यामुळे निव्वळ डूम खेळायला मशीन घेणाऱ्याचं एसएक्सने काहीच बिघडत नव्हतं. कंपनीने जे कापलं होतं, ते त्याला नकोच होतं. स्वस्तातली खरी खरेदी म्हणतात ती ही.

ही चैन अडीच वर्षं टिकली. जून १९९६ मध्ये त्याच आयडी सॉफ्टवेअरचा क्वेक आला आणि चित्र पालटलं. क्वेकमध्ये भिंती, जमिनी, राक्षस सगळंच खरंखुरं त्रिमितीय होतं. ते पडद्यावर योग्य कोनात दिसायला सतत भागाकार करावे लागत. मायकल अॅब्रॅश या प्रोग्रॅमरने हा भाग पेंटियमचा स्वभाव ओळखून हाताने असेंब्लीत लिहिला. पेंटियममध्ये भागाकार एफपीयूकडे सोपवायचा आणि तो होईपर्यंत बाकीच्या प्रोसेसरने पिक्सेल रंगवत राहायचं, अशी दुहेरी कामं जमत. क्वेकने याचा पुरेपूर फायदा घेतला.

यात भरडले गेले ते सायरिक्स ६x८६ घेतलेले लोक. सायरिक्स स्वस्त होता, आणि रोजच्या कामात खरोखर चांगलाही. १५० मेगाहर्ट्झवर चालणारी त्यांची चिप 'पी२००+' म्हणून विकली जायची, म्हणजे २०० च्या पेंटियमच्या तोडीची. वर्ड, एक्सेलमध्ये हा दावा बऱ्यापैकी खरा ठरे. पण त्याचा एफपीयू कमकुवत होता, आणि क्वेकने नेमकं तिथेच बोट ठेवलं. २०० चा म्हणून घेतलेला प्रोसेसर कितीतरी कमी आकड्याच्या पेंटियमसमोर धापा टाकू लागला. चिपमध्ये काही बिघाड नव्हता. कापलेली जागा कालपर्यंत बिनमहत्त्वाची होती, ती एका गेमने महत्त्वाची करून टाकली, इतकंच.

त्याच वर्षी आणखी एक उलथापालथ झाली. थ्रीडीएफएक्स या कंपनीचं व्हूडू कार्ड बाजारात आलं. हे कार्ड फक्त त्रिमितीय चित्रं काढायचं, विंडोजचा साधा डेस्कटॉपसुद्धा त्याला दाखवता यायचा नाही. त्यामुळे जुनं कार्ड मशीनमध्ये तसंच ठेवून त्याचं आउटपुट बाहेरून एका छोट्या केबलने व्हूडूत घालायचं आणि व्हूडूतून मॉनिटरला न्यायचं. ऑर्किड कंपनीच्या कार्डात तर चक्क रिले होते. गेम सुरू झाला की कॅबिनेटमधून 'टक्' असा आवाज यायचा. ऑर्किडच्या या कार्डाची किंमत होती २९९ डॉलर. ही किंमत शक्य झाली याचं एक मोठं कारण चिपच्या बाहेरचं होतं. १९९६ मध्ये मेमरीचे भाव कोसळले होते आणि व्हूडूवर ४ एमबी मेमरी लागायची. एरवी हे तंत्रज्ञान आर्केडमधल्या यंत्रांपुरतंच राहिलं असतं.

तेव्हापासून गेमिंगच्या बजेटचं गणित बदललं ते कायमचं. मोठा वाटा प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डाकडे सरकला. आजही साठ हजारांतले पंधरा-वीस हजार प्रोसेसरवर घालवून कार्डाला उरलंसुरलं देणारे लोक भेटतात. त्यांना मी १९९६ ची ही गोष्ट ऐकवतो.

आता मुख्य पात्र. सेलेरॉन ३००ए. हा बाजारात आला तेव्हा मी पाळण्यात होतो, त्यामुळे याची कीर्ती मी थोरामोठ्यांकडूनच ऐकलेली. एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने पहिला सेलेरॉन काढला होता, त्यात पेंटियम २ ची एल२ कॅश पूर्णच कापलेली. लोकांनी त्याला नावं ठेवली. मग २४ ऑगस्ट १९९८ ला ३००ए आला. यात १२८ केबी कॅश होती. पेंटियम २ च्या ५१२ केबीसमोर ती चिमूटभर, पण ती चिपवरच असल्यामुळे प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालायची. पेंटियम २ ची कॅश वेगळ्या चिप्समध्ये होती आणि निम्म्या वेगाने चालायची.

त्याच दिवशी ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ सुद्धा आला. घाऊक यादीत त्याची किंमत ६६९ डॉलर आणि ३००ए ची १४९. तेव्हा डॉलर साधारण ४२ रुपयांचा, म्हणजे एक २८ हजारांचा आणि एक सव्वासहा हजारांचा. दोघांचा गाभा मात्र एकाच घराण्यातला. ३००ए चा गुणक ४.५ ला कुलूपबंद होता आणि बस ६६ मेगाहर्ट्झची. ६६ गुणिले ४.५, झाले ३००. पण इंटेलच्याच ४४० बीएक्स चिपसेटचे बोर्ड १०० मेगाहर्ट्झची बस द्यायचे. १०० गुणिले ४.५? बरोब्बर ४५०!

अॅबिटच्या बीएच६ सारख्या बोर्डात हे बायॉसमध्ये जाऊन दोन मिनिटांत करता यायचं. ज्यांचा बोर्ड बस आपोआप ओळखायचा ते प्रोसेसरच्या कार्डावरचा बी२१ हा संपर्क शोधून त्यावर सेलोटेपचा बारीक तुकडा चिकटवत. कोणी त्यावर नेलपॉलिश लावत. बोर्डाला वाटायचं, आला १०० चा प्रोसेसर! सगळे ३००ए ४५० ला चढायचे असं नाही, पण बरेच चढायचे, आणि तेही साध्या पंख्यावर.

मला यातली इंजिनियरिंगची बाजू फार आवडते. ३००ए ८३ मेगाहर्ट्झच्या बसवरही चालवता यायचा. पण मग पीसीआय बस ३३ ऐवजी ४१ च्या पुढे जायची आणि हार्ड डिस्क, साउंड कार्ड वगैरे मंडळी रुसायची. १०० ही मात्र बीएक्स बोर्डाची अधिकृत चाल होती. त्यामुळे मशीनमधला बाकीचा प्रत्येक भाग नियमातच राही, नियमाबाहेर जाई तो फक्त प्रोसेसर. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे आम्ही प्रॉडक्शनवर चटके खाऊन शिकतो. १९९८ च्या पोरांना ते सेलोटेपने शिकवलं.

मग इंटेलने हे बंद कसं केलं? फारसं काही करावंच लागलं नाही. पुढच्या सेलेरॉनचे गुणक वाढत गेले. ४६६ चा गुणक ७, त्याला १०० ची बस द्यायची म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, आणि तेवढं त्या गाभ्याला झेपत नव्हतं. फट आपोआप बुजली.

पुढची फट एएमडीकडे उघडली. २००० साली आलेल्या ड्युरॉनच्या पाठीवर 'एल१' नावाचे बारीक तांब्याचे पूल होते. कारखान्यात ते तोडले की गुणकाला कुलूप. लोकांच्या लक्षात आलं की शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. तुटलेल्या पुलावर पेन्सिल घासली की कुलूप उघडलं! पुढच्या अॅथलॉन एक्सपीमध्ये एएमडीने लेसरने तिथे खड्डेच पाडले, म्हणजे पेन्सिलीचं काम संपलं. मग लोक खड्डा बुजवून वर वीजवाहक रंग लावू लागले. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही.

२००२ मध्ये एटीआयच्या रेडिऑन ९५०० ने एक वेगळा धडा दिला. त्यातली चिप ९७०० चीच होती, आठपैकी चार पाइपलाइन बंद करून विकलेली. काही कार्डांवर ड्रायव्हरमध्ये थोडी खटपट केली की त्या जाग्या व्हायच्या. ज्याचं नशीब चांगलं त्याला निम्म्या पैशांत जवळजवळ ९७०० मिळायचं. ज्याचं वाईट, त्याच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटायचे, कारण त्याच्या चिपमधल्या त्या पाइपलाइन खरोखरच सदोष होत्या.

इथे चिप कारखान्याचं एक गुपित कळतं. सिलिकॉनच्या तबकडीवर शेकड्याने चिप्स बनतात आणि काहींत दोष राहतात. सदोष भाग बंद करून ती चिप स्वस्तात विकणं हा शहाणपणा. पण कारखान्याचा हात बसला की दोष कमी होतात आणि स्वस्त मालाची मागणी मात्र तेवढीच राहते. मग धडधाकट चिपचेही हातपाय बांधून ती स्वस्त खोक्यात घालावी लागते. स्वस्त चिपच्या पोटात एकतर जखम असते नाहीतर दोरी. दोरी सोडता येते, जखम नाही. खोक्यावरून मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

हे सगळं आपल्याकडेही पोहोचलं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. असेंबल्ड मशीनचं कोटेशन चार दुकानांतून आणायचं आणि शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करायची. पण आपल्या कोटेशनमध्ये एक ओळ बहुतेक वेळा अशी असायची: 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. म्हणजे डब्यासोबत वीजपुरवठ्याचं यंत्र जवळपास फुकट. त्यावर ४५० वॅट छापलेलं असलं तरी तेवढं ते देईलच असं नाही. त्यात आपल्याकडचं व्होल्टेज वरखाली, लोडशेडिंग, पंख्यात अडकलेली धूळ. जगभरातच २००० नंतरच्या काही वर्षांत मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून फुटण्याची साथ आली होती. कपॅसिटरमधल्या द्रावाचं रसायन बिघडलेलं होतं. बाहेरून चकचकीत दिसणारा बोर्ड वर्ष-दोन वर्षांत राम म्हणायचा.

प्रोसेसरमधून काय कापलंय ते निदान आकड्यांत दिसतं. एसएमपीएसमधून काय कापलंय ते दिसत नाही, आणि तो जाताना शेजाऱ्यांनाही घेऊन जाऊ शकतो. २००४ पासून '८० प्लस' हे प्रमाणपत्र आलं, त्याने थोडी मदत होते. पण तेही कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र आहे, टिकाऊपणाचं नव्हे. म्हणून माझ्या मते स्वस्तातला प्रोसेसर चालेल, जुनं कार्ड चालेल, पण एसएमपीएस आणि यूपीएसमध्ये काटकसर नको. तीच गोष्ट माउस आणि मॉनिटरची. प्रोसेसर चार वर्षांत बदलतो, चांगला मॉनिटर दोन-दोन मशीनं बघतो. सुरुवातीच्या एलसीडींवर वेगाने हलणारं चित्र फरफटायचं, म्हणून काउंटर स्ट्राइकवाले बरीच वर्षं अवजड सीआरटीलाच धरून बसले होते. पातळपणा विकत घ्यायचा की वेग, हे त्यांनी डोळे उघडे ठेवून ठरवलं होतं.

२०१० नंतर इंटेलने फटी बुजवायचं काम मनावर घेतलं. आधी तर ५० डॉलरचं एक कार्ड काढलं. पेंटियम जी६९५१ घेतलेल्याने त्यावरचा कोड टाकायचा, की त्याच्याच प्रोसेसरमधली कॅश आणि हायपरथ्रेडिंग जागं होणार! विकत घेतलेल्या वस्तूचा अर्धा भाग पुन्हा विकत घ्यायचा. ४८७ एसएक्सचीच नवी आवृत्ती. लोक चिडले आणि २०११ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. पण त्याच वर्षी जानेवारीत सँडी ब्रिज आला. त्यात मूळ घड्याळ बाकीच्या बसेसशी असं बांधलं की ते थोडं वाढवलं तरी सगळंच कोलमडायचं. वेग वाढवायचा तर जादा पैसे मोजून 'के' अक्षराचा प्रोसेसर घ्या, जसा आय५-२५००के. सेलोटेपचं युग तिथे संपलं.

२०१४ मध्ये पेंटियम या नावाला वीस वर्षं झाली म्हणून इंटेलने ७२ डॉलरचा जी३२५८ काढला, गुणक मोकळा. सगळ्यांना ३००ए आठवला. पण त्यात कोअर दोनच, आणि हायपरथ्रेडिंगही नाही. नोव्हेंबरात फार क्राय ४ आला, आणि दोनच थ्रेड असलेल्या प्रोसेसरवर तो सुरूच होईना. पडदा काळा. प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झला पळवा नाहीतर आणखी कितीला. सायरिक्स आणि क्वेकची गोष्ट अठरा वर्षांनी परत घडली.

माझं पहिलं स्वतःचं मशीन २०१७ चं, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षातलं. पैसे बाबांचे, आणि एकदाच मिळणारे. जानेवारीत पेंटियम जी४५६० आला होता. ६४ डॉलरच्या त्या प्रोसेसरमध्ये दोन कोअर आणि चार थ्रेड होते, जवळजवळ आय३ च. जी३२५८ ची गोष्ट माहीत होती म्हणून आधी थ्रेड मोजले. कापलेलं काय, तर थोडा वेग आणि एव्हीएक्स नावाच्या सूचनांचा संच. एव्हीएक्स मागणारा गेम तेव्हा माझ्या यादीत नव्हता. बोर्ड मात्र पुढे आय५ बसेल असा घेतला. २०१८ मध्ये असॅसिन्स क्रीड ऑडिसीने सुरुवातीला नेमका एव्हीएक्सचाच आग्रह धरला. मी तोवर जुने गेम खेळत थांबलो आणि पुढच्या वर्षी सेकंडहँड आय५ टाकला. आईचा तेव्हाचा प्रश्न होता, "यावर अभ्यासही होतो ना?" होतो म्हटलं. जावा त्याच मशीनवर शिकलो, त्यामुळे ते अगदीच खोटं ठरलं नाही :)

आता कापाकापी कुठे चालते? २०१७ च्या रायझनपासून एएमडीने गुणक मोकळे ठेवले खरे, पण प्रोसेसर आता कारखान्यातूनच ताणून येतात. सेलोटेप लावून मिळवायला त्यात फारसं उरलेलं नसतं. कात्री आता ग्राफिक्स कार्डांवर चालते. जानेवारी २०२२ मध्ये १९९ डॉलरचं आरएक्स ६५०० एक्सटी आलं. मुळात लॅपटॉपच्या हिशेबाने बनवलेली चिप. मेमरी ४ जीबी, आणि बोर्डाशी बोलायला पीसीआय एक्स्प्रेसच्या फक्त चार लेन. नव्या बोर्डावर ते चालून जायचं. पण तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर त्या लेनचा वेग निम्मा, आणि मेमरी अपुरी पडली की नेमका तोच रस्ता लागतो. स्वस्तातलं कार्ड कोण घेतं? जुना बोर्ड असलेला. म्हणजे कात्री बरोबर त्याच्याच खिशावर.

किंवा २०२३ मधलं आरटीएक्स ४०६० टीआय घ्या. चिप तीच; ८ जीबीचं ३९९ डॉलरला, १६ जीबीचं ४९९ ला. आज ८ जीबी पुरतात की नाही हे गेमवर ठरतं, पण कापलंय काय ते तरी स्पष्ट आहे. आणि मेमरीचा भाव तर कंपनीच्याही हातात नसतो. १९९६ मध्ये तो कोसळला म्हणून व्हूडू जन्माला आलं. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे तो भडकला आणि कित्येकांची बजेटं रातोरात कोलमडली.

थोडक्यात काय, दुकानात जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा. मी पुढची तीन वर्षं कोणते गेम खेळणार? या पार्टमधून काय कापलंय? ते कापलेलं माझ्या गेमला किंवा माझ्या जुन्या बोर्डाला लागतं का? आणि उद्या लागलं, तर तेवढाच एक पार्ट बदलता येईल का? शेवटची ओळ सर्वात महत्त्वाची. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची निवड चुकली तर तो दुसरं मशीन घेतो. ज्याचं बजेट वर्षातून एकदाच, तेही घरच्यांकडे मागून मिळतं, त्याला बोर्ड आणि एसएमपीएस नीट घेऊन पुढची वाट मोकळी ठेवावी लागते. बाकी आरजीबीचे दिवे सावकाश लावता येतात. त्याने एफपीएस वाढत नाही, हे मी स्वतः मोजून बघितलंय.